अक्काच्या हातचं चक्र

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, हातची रिबिनीची चक्रं एके काळी मल्लेश्वरमातल्या दहा-बारा घरांच्या दारांवर टांगलेली होती. त्यांतलं एकही अक्कानं केलेलं नव्हतं. अक्काला साधं बटण लावता येत नसे, आणि ती चक्रं करणारी मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान होते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आता नुसती हकीकत सांगते.

आम्ही चामराजपेटेत राहायचो. आमचं घराणं बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली, हे आमचे वडील कुणीही न विचारता सांगत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. या तीनशे वर्षांत आमची मराठी इथल्या पाण्यात चांगली मुरली होती. आम्ही 'थोडं'ला 'स्वल्प' म्हणायचो, 'बरं'ला 'सरी' म्हणायचो, आणि हेच शुद्ध मराठी अशी आमची समजूत होती. त्या समजुतीवर आमचं छान चाललं होतं.

मला अण्णांनी कॅन्टोन्मेंटकडच्या एका कॉन्व्हेंट शाळेत घातलं, इंग्रजी सुधारावं म्हणून. इंग्रजी बेताचंच सुधारलं. पण तिथे शिवणाच्या तासाला एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, त्यांनी एका डिसेंबरात आम्हाला दारावर लावायचं रिबिनीचं चक्र शिकवलं. ख्रिसमसला त्यांच्या लोकांत दारावर हिरव्या फांद्यांचं गोल कडं लावतात, त्याचा हा रिबिनीचा अवतार. सिस्टर फार कडक होत्या. टाका दिसला की उसवायला लावत, आणि उसवताना आपण प्रार्थना म्हटल्यासारखं तोंड करून उभ्या राहत.

तसलं एक चक्र मी घरी करायला घेतलं. आईच्या मोडक्या चाळणीची जाळी काढून टाकली आणि नुसती पत्र्याची कड ठेवली. तिला अण्णांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या, म्हणजे टाके घालायला गादी झाली. चिकपेटेतून डाळिंबी आणि मोतिया रंगाची साटीनची रिबीन आणली. तिचे चार-चार बोटांचे तुकडे कापायचे, टोकं मध्ये आणून दुमडायची, मधोमध दोरा आवळायचा, की एक पाकळी तयार. टोकांचे धागे सुटू नयेत म्हणून त्यांना तांदळाच्या खळीचं बोट लावायचं. पाकळ्या दाटीनं शिवायच्या, पहिल्या रांगेचे टाके दुसऱ्या रांगेखाली झाकायचे. निखारे घातलेल्या तांब्याच्या बुडानं रिबिनीवर इस्त्री करताना मी दोनदा हात भाजून घेतला. आठ दिवस लागले. आई येता-जाता म्हणायची, "एवढा वेळ गणिताला दिला असतास तर."

त्याच सुमाराला राज्याची नवी जुळवाजुळव झाली आणि धारवाड-बेळगावकडची बरीच मंडळी बदलीनं बंगळुरात आली. अण्णांच्या कचेरीत अशांपैकी एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगा लग्नाचा होता. अक्का वीस वर्षांची झाली होती आणि इंटरला दोनदा नापास झाली होती. स्थळ आलं, आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ती मंडळी कन्नडही बोलत आणि मराठीही, पण दोन्ही वेगवेगळ्या ताटांत वाढल्यासारखी. आमच्याकडे सगळा एकच काला.

"त्यांच्यासमोर तोंड कमी उघडायचं," आईनं अक्काला बजावलं. "बोलायचं ते भिंती बोलतील."

त्या काळी मुलगी बघायला आलेल्यांना मुलीच्या आधी भिंती दाखवत. काचेच्या चौकटीतला भरतकामाचा पोपट, मण्यांचं तोरण, लोकरीचं कुत्रं, हे सगळं टांगून ठेवायचं आणि 'मुलीनंच केलंय' म्हणायचं. कितीतरी घरांतला पोपट शेजारच्या घरातून दोन तासांसाठी आलेला असे. बघायला येणाऱ्यांनीही आपल्या मुलींच्या वेळी हेच केलेलं असे, त्यामुळे कुणी फार खोलात जात नसे. आमच्या घरात टांगण्यासारखं एकच होतं, ते माझं चक्र. आईनं ते खिळ्याला अडकवलं.

अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून बघितलं. "हे पुढारी समाधीवर वाहतात तसलं दिसतंय."

आई क्षणभर घाबरली. मग तिनं मला हिरवी रिबीन आणायला पिटाळलं आणि चक्राच्या खाली आंब्याची पाच पानं शिवून घेतली. "आता सरी. आता हे गोल तोरण." पानं लागल्यावर चक्र मंगल झालं, याबद्दल नंतर कुणालाही शंका आली नाही, अण्णांनाही नाही.

मंडळी आली. मुलाच्या आई खुर्चीत बसल्या त्या भिंतीकडे बघतच. पोहे हातात तसेच राहिले.

"हे कुणाच्या हातचं?"

"थोरलीच्याच," आई म्हणाली. "आणि कुणाच्या?"

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला वाईट वाटलं असं कुणाला वाटेल, पण तसं काही नव्हतं. मला भयंकर गंमत वाटत होती. माझ्या पाकळ्यांवर एक मोठी बाई बोट फिरवत होती, टाका शोधत होती आणि तिला तो सापडत नव्हता. अक्का खाली मान घालून बसली होती. सगळ्यांना तो विनय वाटला. महिनाभरात लग्न ठरलं, आणि लग्नात ते चक्र रुखवतात सगळ्यांत पुढे मांडलं गेलं.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. अक्काच्या सासूबाई मनानं चांगल्या होत्या, आणि चांगल्या माणसांना फसवणं हे फार दमवणारं काम असतं. त्यांनी ते चक्र मल्लेश्वरमातल्या आपल्या दारावर लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेचं कौतुक सांगायला लागल्या. मग शेजारणीला हवं झालं, मग शेजारणीच्या नणंदेला. अक्का रिबिनी घेऊन माहेरी यायची आणि चार दिवसांनी चक्र घेऊन परत जायची. सासरी का करत नाहीस, या प्रश्नावर तिनं उत्तर शोधून ठेवलं होतं, की आमच्या मागच्या पडवीत जो उजेड येतो तो मल्लेश्वरमात येत नाही. सासूबाईंना हे पटलं. त्या इतरांनाही आमच्या पडवीच्या उजेडाबद्दल सांगत.

दसरा जवळ आला की चक्रांची मागणी वाढायची आणि अक्काच्या माहेरच्या खेपाही. ती माझ्या शेजारी बसून पाकळ्या मोजायची आणि म्हणायची, "एकदा सांगून टाकते सगळं."

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "सांग की. आणि स्वल्प कपडे बरोबर ठेव, परत यायला."

एकदा सासूबाई कळवल्याशिवायच आमच्याकडे आल्या. सुनेचं काम डोळ्यांनी बघायचं त्यांच्या मनात होतं. अक्का पडवीत रिकाम्या हातांनी बसली होती, मी शिवत होते. आईनं सासूबाईंना पुढच्या खोलीत सरबतावर अडकवून ठेवलं, तेवढ्यात अक्कानं उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली. सुई लागली म्हणाली. मग सासूबाई तासभर समोर बसून राहिल्या आणि अक्का मला सांगत राहिली, आता दुमड, आता आवळ, आता टाका घाल. मी टाका घातला की ती 'घाल' म्हणायची. माझ्या हातापेक्षा तिचं तोंड नेहमी थोडं मागे असायचं. पण सासूबाई जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शिकून घे बहिणीकडून. अशी शिकवणारी मिळत नाही." त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला. राग कुणाचा ते मात्र ठरवता आलं नाही.

आठ वर्षं गेली. अक्काला मूल झालं नाही. त्या घरात तिला कुणी टाकून बोललं नाही, पण बोलत नाहीत हे कळण्याइतपत शांतता असायची. सासूबाई पाहुण्यांशी बोलताना मुलाबाळांचा विषय आला की लगेच दाराकडे बोट दाखवत, "हे बघितलंत का, आमच्या सुनेचं?" मी बी.ए. झाले होते आणि आता मला बघायला लोक येत होते. एक स्थळ सासूबाईंनीच आणलं, त्यांच्या मावसबहिणीचा मुलगा. त्या स्वतः आल्या, अक्काला घेऊन आल्या. भिंतीवर अर्थात चक्र होतं, नव्यानं केलेलं, आकाशी रंगाचं.

मुलाच्या आईनं ते बघितलं. "हे थोरलीचं ना? ऐकून आहोत आम्ही." मग माझ्याकडे वळल्या. "आणि हिला काय येतं?"

मी तोंड उघडलं होतं. आईनं माझ्या आधी उत्तर दिलं. "हिचं सगळं लक्ष पुस्तकांत. हिच्या हातात ते नाही."

सासूबाईंनी माझी बाजू घेतली. "बहिणीच्या हाताखाली बसते हो. पाकळ्या आवळायला येतात तिला."

माझ्या डाव्या हाताच्या बोटांना तेव्हाही सुईची भोकं होती. मी ती साडीच्या घोळात लपवली आणि उठून स्वयंपाकघरात गेले. आई मागोमाग आली. मी तिला म्हटलं, "निदान आज तरी तू ते म्हणायला नको होतंस."

आईनं कढईतला झारा बाजूला ठेवला. "तू शिकलीस. तुझं इथं नाही जमलं तर दुसरीकडे जमेल. तिच्याजवळ त्या घरात तेवढंच आहे."

अक्का रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला, कप नीट रांगेत लावले आणि म्हणाली, "सरी." आणि ती बाहेर गेली.

आम्ही दोघी मागे धावलो तोवर तिनं बोलायला सुरुवात केली होती. ती सगळ्यांच्या मधे उभी राहून सांगत होती, की हे चक्र धाकटीनं केलंय, आधीची सगळीही तिनंच केलीत, माझ्या लग्नातलंसुद्धा, आणि मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. तिला असं सलग बोलताना मी त्या आधी ऐकलं नव्हतं.

मग सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"बघितलंत?" त्या मावसबहिणीला म्हणाल्या. "धाकटीचं जमावं म्हणून आपलं सगळं देऊन टाकतेय."

"नाही अत्याबाई," अक्का सासूबाईंना म्हणाली, "खरंच सांगते."

"कळलं गं मला. मी समोर बसून तुला शिकवताना पाहिलंय." मावसबहीणही मान हलवत होती, मुलगासुद्धा भारावल्यासारखा अक्काकडे बघत होता. अक्का जितकं नाही म्हणे तितकी ती त्यांच्या नजरेत मोठी होत गेली. शेवटी ती माझ्याकडे वळली. "तू सांग यांना. तू सांगितलंस तर ऐकतील."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईसुद्धा बघत होती, तिचा हात पदराच्या टोकाशी होता. सुई-दोरा आणा म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सगळं सिद्ध झालं असतं. मला स्थळाची पर्वा नव्हती. मला फक्त अक्काचं ते घर दिसत होतं, ते दार, आणि आठ वर्षं खोटं बोललेली सून. मी हसले.

"अक्काचं असंच असतं," मी म्हटलं.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंनी अक्काला जवळ ओढून बसवलं. मुलाच्या आई म्हणाल्या, असल्या बहिणीच्या हाताखाली वाढलेली मुलगी मिळतेय, आम्हाला आणखी काय हवं, आणि माझं लग्न तिथल्या तिथं ठरलं. आईनं साखर वाटली. मी किती मोठं काम केलं याचा मला मनातल्या मनात फार अभिमान वाटत होता.

संध्याकाळी मंडळी निघाली. सासूबाई पुढे गेल्या. अक्का पायरीवर चपला घालायला थांबली, आणि मी वाकून तिच्या निऱ्या सारख्या करायला लागले, तिनं काहीतरी बोलावं म्हणून. तिनं माझा हात बाजूला केला.

"आज मी सुटले असते गं," ती म्हणाली.