साळवे मॅडम आणि तात्पुरती महागाई

साळवे मॅडम वर्गात आल्या की हजेरीच्या आधी विचारायच्या, "आज काय महागलं?" कुणी टोमॅटो म्हणायचं, कुणी वह्या, कुणी वडापाव. मॅडम तो शब्द फळ्याच्या तळाशी लिहायच्या आणि बाण काढत वर जायच्या. वडापाव, त्याच्यावर गोडेतेल, ते आणणारा ट्रक, ट्रकचं डिझेल आणि सगळ्यात वर समुद्रापलीकडची तेलविहीर. "आपल्या कोल्हारच्या स्टँडवरचा वडा तिथून महागत येतो," असं त्या म्हणाल्या की वर्ग हसायचा. मॅडम हसत नसत.

मी त्याच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मॅडमचा विषय अर्थशास्त्र. त्या नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या, वडीलही शिक्षक. आवाज कधी चढायचा नाही. चिडल्या की वाक्य अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघत बसायच्या. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी त्यांना असं बसलेलं फार वेळा पाहिलं.

त्यातल्या पहिल्याच वर्षी दूर कुठेतरी युद्ध पेटलं आणि इथं डिझेल चढत गेलं. कॅनॉलपलीकडच्या एका वस्तीवरून तीन मुली बबनच्या जीपनं अकरावीला यायच्या. बबननं भाडं वाढवलं आणि महिन्याभरात तिघींची वर्गातली जागा रिकामी झाली. त्यातली मनीषा हुशार. "मॅडम, भाव वाढल्यावर मजुरी किती दिवसांनी वाढते?" असं तिनं एकदा विचारलं होतं. याचं उत्तर पुस्तकात नाही, हे मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं.

मॅडम तडक बबनकडे गेल्या. मी सोबत होतो.

"पोरींकडूनही एवढं भाडं घेतोस, बबन?"

बबन जीपची काच पुसत होता. "म्याडम, डिझेल काय माझ्या हिरीला लागत न्हाई. आधी बाजाराला बाया गाडी भरून यायच्या. आता भाडं परवडंना म्हनून त्याबी येईनात. मोकळी गाडी पळवून मी काय खाऊ, तुमीच सांगा."

मग मॅडमनी एसटीसाठी अर्ज केला. त्या मार्गाला उत्पन्न नाही, असं उत्तर आलं. पेट्रोल पंपावर गेल्या, तर मॅनेजर म्हणाला, "दर वरून येतो, मॅडम. आम्ही फक्त लावतो." परत आल्यावर त्यांनी पर्स टेबलावर आपटली. तसं करताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. "सर, ज्याला विचारावं तो खरंच बोलतो. भांडायला माणूसच सापडत नाही."

शेवटी दोन मुलींना त्यांनी स्वतःच्या घरी राहायला आणलं. मनीषासाठीही गेल्या. तिचे वडील ओट्यावर बसले होते.

"बाई, तुमी ठेवून घ्याल, तुमचे लई उपकार हायेत. पन घरात किराना भरायला आता हिचीबी मजुरी लागती. कांदा निवडायला जाती ती. म्हागाई उतरली की धाडतो."

मनीषा दारात उभी राहून ऐकत होती.

त्याच हिवाळ्यात नगरला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. पाहुणे व्याख्याते सांगत होते, तेलाच्या दरवाढीचा धक्का तात्पुरता असतो. चलनवाढ होते, विकासाचा वेग थोडा मंदावतो, पण काही काळानं सगळं पूर्ववत होतं. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"तात्पुरता म्हणजे किती, सर? माझ्या विद्यार्थिनीला अकरावी एकदाच असते."

ते समजुतीनं हसले. "मॅडम, आपण सरासरीबद्दल बोलतोय."

मॅडम खाली बसल्या. येताना बसमध्ये मी शेजारी होतो. राहुरी गेल्यावर म्हणाल्या, "ते काही चुकीचं बोलले नाहीत. तेच मला सहन होत नाही. इतकी वर्षं मीही हेच शिकवलं, आणि मुलांनी ते पाठ करून मार्क मिळवले."

पुढे कच्चं तेल उतरल्याची बातमी पेपरात आली. पंपावर दर उतरायला त्यानंतर कितीतरी महिने गेले. उतरला तोही थोडाच. तरी बबननं आपण होऊन भाडं कमी केलं. मॅडम त्याच दिवशी वस्तीवर गेल्या. मनीषाचं लग्न होऊन ती कर्जतकडे सासरी गेली होती. "बाई, तुमी आधी आला असता तर," एवढं बोलून तिचे वडील थांबले. आधी मॅडम चार वेळा येऊन गेल्या होत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी दिलेलं पाणी मॅडम प्यायल्या आणि निघाल्या.

निवृत्त झाल्यावर त्या नगरला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दर जूनमध्ये एकदा त्या वस्तीवर जात जा. कोण यायचं थांबलंय ते बघा. सरासरीत त्या मुली दिसायच्या नाहीत."

मी जातो. या जूनमध्येही गेलो. डिझेल पुन्हा चढलंय. दहावी झालेल्या दोन मुली घरीच होत्या. संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी दोघींची नावं विचारली, मार्क विचारले.

"एकीची सोय माझ्याकडे होईल," त्या म्हणाल्या. "बहिणीच्या घरात दोघी मावणार नाहीत. कुणाला पाठवायचं ते तुम्ही ठरवा, सर."

कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले. मी अजून ठरवलेलं नाही.