तेलवाल्याचं नाक

सणसवाडीत कंपनीची शिफ्ट सुटली की पाय नुसते ओढत आणावे लागतात. त्यात घरी पोराचं नाक चोंदलेलं आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. मोबाइलवरून मागवलेलं नीलगिरीचं तेल नुसतंच चिकट निघालं, मेडिकलमधलं परवडेना. म्हणून आठवडे बाजारात एका म्हाताऱ्या तेलवाल्यापुढे थांबले.

तो ओरडत नव्हता. गिऱ्हाईक आलं की बूच काढून बाटली पुढे करायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा.

"मामा, अस्सल आहे ना?" मी विचारलं.

"तुमीच हुंगा आन् सांगा. करोनात माझा वास गेला, त्यो परत आलाच न्हाई. व्यापारी काय भरून देतो, मला कळंना."

मी इतकी दमले होते की 'चांगलं आहे' म्हणून मोकळी होणार होते. पण ते पोराच्या रुमालावर टाकायचं होतं. मी पुन्हा हुंगलं.

"मामा, रॉकेलचा वास येतोय."

त्याने बूच लावलं आणि मांडलेल्या सगळ्या बाटल्या सावकाश पिशवीत भरल्या.

"सकाळधरनं समदे चांगलं हाय म्हनून घिऊन गेले," तो म्हणाला. "आता त्यास्नी कुठं गाठू?"

बाजार ऐन भरात होता आणि तो गोणपाट झटकत होता.

तेव्हापासून तेल त्याच्याकडूनच घेते. नवा माल आला की मी येईपर्यंत तो कुणाला बाटली देत नाही. पाय कितीही दुखोत, आधी हुंगायचं काम माझं.