शिट्टी सरांचा नवा विषय

शाळेत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ते शिट्टी सर. खेळाचे शिक्षक. बसणं हा प्रकारच त्यांना मानवत नसे. शिक्षकांच्या खोलीतला चहासुद्धा ते उभ्याउभ्याच प्यायचे. घरी बायको म्हणायची, "अहो, निदान जेवताना तरी टेका!"

तर यंदा सरकारनं हायस्कुलं सुधारायचं मनावर घेतलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! हुकूम निघाला: नववी-दहावीला पैशांचे व्यवहार हा नवा विषय रोज शिकवायचा, तोही त्याची परीक्षा पास झालेल्या शिक्षकानंच. नाहीतर ते वर्ग बंद, मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत. नवा शिक्षक? मिळणार नाही. खर्च? तिथं सरकारनं हात वर केले होते.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना बोलावलं. गणिताच्या बाईंच्या गळ्यात आधीच विज्ञान पडलेलं, भाषेचे सर इतिहासही ओढत होते. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत दाराशी उभ्या असलेल्या शिट्टी सरांवर येऊन थांबल्या.

"मी? अहो बाई, माझ्या पगाराचं काय होतं ते मला माहीत नाही. सगळं बायको बघते."

"मग दहावी बंद होईल, सर. तुमच्या पळणाऱ्या मुलीही जातील."

दहावीतल्या चौघींचा रिले संघ त्यांनी पाचवीपासून घडवला होता आणि त्या पोरींवर त्यांचा फार जीव होता. ते हो म्हणून बसले.

पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डुलकी लागायची. चक्रवाढ व्याज तर पार डोक्यावरून जायचं. शेवटी वैतागून ते पुस्तक घेऊन मैदानावर गेले आणि चालता चालता वाचू लागले. काय आश्चर्य, डोक्यात शिरायला लागलं! मुलींनी हे पाहिलं आणि त्यांना आयतंच कोलीत मिळालं. त्या सरांना आपल्याबरोबर पळवत प्रश्न विचारायच्या.

"सर, घसारा म्हणजे?"

"वस्तू जुनी होते... तशी तिची किंमत... उतरते!" सर धापा टाकत सांगायचे.

उत्तर चुकलं की आणखी एक फेरी. हा नियम मुलींनीच काढला आणि इतक्या वर्षांचा वचपा काढून घेतला.

परीक्षेला सर बाकावर बसले आणि पाटी कोरी! एक अक्षर आठवेना. ते उठून देखरेखीच्या बाईंकडे गेले. "उभं राहून लिहू का?"

"पाठ दुखतेय का?"

"नाही हो, बसलं की विसरतो."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही. सरांनी मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून, जागच्या जागी पाय हलवत अख्खा पेपर सोडवला. जवळच्या बाकावरचा परीक्षार्थी मात्र रडकुंडीला आला.

सर पास झाले. दहावी वाचली, सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग नवं वेळापत्रक लागलं. नवा विषय रोज खेळाच्या तासाच्या जागी होता आणि खेळाचा तास एकही उरला नव्हता.

"दुसरा तास कुठून आणू, सर?" मोठ्या बाई म्हणाल्या. "शिकवणारे तुम्हीच, खेळवणारेही तुम्हीच. एका वेळी दोन ठिकाणी कसे असाल?"

त्यांचंही खरंच होतं. ज्या पोरींसाठी सरांनी जिवाचं रान केलं, त्यांचंच पळणं त्यात गेलं. सरांना फार वाईट वाटलं. बाहेर संघाच्या कप्तानानं विचारलं, "मग आम्ही पळायचं कधी, सर?" तिच्याकडे बघायचीही त्यांना हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बाईंसमोर उभे. "शाळा भरायच्या आधी मी मुलांना मैदानावर घेतो. रोज."

"त्याचे पैसे सरकार देणार नाही, सर. शाळेकडेही नाहीत. यात तुमचा नुसता तोटा आहे."

"ते मला काय सांगता, बाई?" सर म्हणाले. "तो विषय आता मीच शिकवतो."

बाईंना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी डोळे पुसले आणि जुडग्यातून मैदानाच्या फाटकाची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.