वळणावरचे दोन शेंदरी दगड

राजूरच्या पुढे भंडारदऱ्याकडे जाणारा राज्यरस्ता आमच्या अंगणासमोर झकास वळण घेतो. वळणावरून समोर कळसूबाईचा डोंगर आणि खाली भाताची खाचरं दिसतात, म्हणून पर्यटकांच्या गाड्या इथे हमखास थांबतात. मला त्या लोकांचा भरवसा वाटत नाही. डोंगर बघायला आलेला माणूस जागेचा भाव कशाला विचारतो?

रस्ता रुंद होणार अशी बातमी आली आणि मोजणीवाल्यांनी आमच्या आंब्यावर लाल पट्टा मारला. म्हणजे आंबा जाणार, त्यामागचं अंगणही जाणार. रस्त्यापलीकडे माझ्या चुलतभावाचं घर आहे. त्याच्या झाडांवर एकही पट्टा नव्हता. मला ते तेव्हाच खटकलं.

त्याच आठवड्यात आंब्याच्या बुंध्याशी एका दगडाला शेंदूर फासलेला दिसला. दगड माझ्या चांगल्या ओळखीचा होता, त्याच्यावर बसून मी रोज चपलांची माती झटकायचो. हा चुलतभावाचाच डाव, मी मनाशी पक्कं केलं. आज दगड, उद्या पत्र्याचं देऊळ, परवा शेजारी त्याचं चहाचं दुकान. दगड उचलून फेकायला वाकलो, पण हात पुढे होईना. एकदा शेंदूर लागला की आमच्याकडे दगडाला कुणी हलवत नाही.

मोजणीवाले परत आले. साहेब काही बोलायच्या आत त्यांच्या माणसांनी चपला काढून हात जोडले. साहेबांनी जरा डोकं खाजवलं आणि नवा पट्टा पलीकडे, चुलतभावाच्या जांभळावर मारायला लावला.

संध्याकाळी चुलतभाव आला. "दादा, देव तूच बसवला ना?"

"म्या कशाला? तूच बसवला आसशील."

"माझंच आंगन घालवाया?"

बोलणं पटण्यासारखं होतं, पण संशय सोडवेना. पुढे कित्येक दिवस मी माझ्या ओट्यावरून त्याच्याकडे बघायचो आणि तो त्याच्या ओट्यावरून माझ्याकडे. त्यातच घरातलं गोडेतेल भराभर संपू लागलं. शेंदूर तेलातच कालवतात, तेव्हा मी बायकोवरही डोळा ठेवला.

मग एका सकाळी जांभळाखालीही शेंदरी दगड दिसला. आता सापडला, म्हणत मी तरातरा रस्ता ओलांडला. तोही माझ्याच अंगावर धावून आला. "आता तरी कबूल कर," दोघंही एकदमच बोललो. तेवढ्यात मागून माझी आई आली. हातात वाटी होती आणि बोटं लालभडक.

"दोनी मीच मांडले," ती म्हणाली. "पयला मांडला तवा वाटलं न्हवतं, पट्टा ह्याच्या दारात नेतील म्हून. ह्यो काय परका हाय?"

"पन आई, आमी दोघं दिसभर ओट्यावर हुतो. तू दिसली कशी न्हाईस?"

"तुमी एकमेकावर नजर ठिवून हुता. माझ्याकडं बघाया कुनाला येळ हुता?"

चुलतभावाने चपला काढल्या, मग मीही काढल्या. वाटीत उरलेला शेंदूर आईने आमच्या कपाळांना लावला. आधी त्याच्या, मग माझ्या. हे मात्र मी लक्षात ठेवलं आहे.