येळवशीची सुट्टी

ज्या घरचे अन्न मी आयुष्यात सर्वांत अधिक कृतज्ञतेने खाल्ले, त्याच घरातील मुलाला मी त्याच्या वडिलांच्या नजरेतून उतरवले, आणि त्याविषयी तीस वर्षांहून अधिक काळ गप्प राहिलो. हे गप्प राहणे भित्रेपणाचे होते. त्याला दुसरे नाव देण्याचा प्रयत्न मी पुष्कळदा केला. तो टिकला नाही.

निजामाच्या राज्यातील आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सगळे विषय उर्दूतून शिकवीत. संतपूरच्या शाळेत मी उर्दू शिकलो होतो, पण ती अर्ज लिहिण्यापुरती. हैदराबादेत पहिल्याच तासाला उस्तादांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि त्याला ‘मुसल्लस’ म्हटले. कोनाला ‘जाविया’ म्हटले. गावी गणितात पहिला येणारा मी, समोर ओळखीचीच आकृती असताना, आंधळ्यासारखा बसून राहिलो.

शेजारी बसलेला मुलगा कमठाण्याचा होता. बसवण्णांना मानणारे घर. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि वडिलांची बिदरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीची आडत असल्यामुळे उर्दू लहानपणापासून कानावरची. तास सुटल्यावर त्याने मला जिन्यातच गाठले.

“काही कळायलंय का, का नुसतीच मान हलवायलास?”

“न्हाई कळत,” मी म्हणालो.

“मग मान तरी कामून हलवतोस? उस्तादाला वाटायलंय, वर्गात तूच एक हुशार.”

त्या संध्याकाळपासून वसतिगृहाच्या खोलीत तो मला दिवसभराचे सगळे मराठीतून सांगू लागला. पुलाच्या कमानीवर भार कसा पडतो हे त्याने दोन उशा आणि माझी ट्रंक घेऊन समजावले होते, ते आजही डोळ्यांपुढे आहे. कॉलेजात काळी शेरवानी सक्तीची होती. माझी एकच होती. ती धुतली की तो आपली दुसरी मला देई. त्याची अंगकाठी माझ्याहून बारीक. “श्वास जपून घे गड्या,” तो म्हणे, “बटण उडून उस्तादाच्या डोळ्यात गेलं तर दोघंबी नापास.” मी इंजिनिअर झालो, त्यातील मोठा वाटा त्या खोलीचा आहे.

त्याच्या शिक्षणावर मात्र एक अट टांगलेली होती. वडिलांना, म्हणजे अप्पांना, मुलगा आडतीवर हवा होता. त्यांनी त्याला पाठवले ते एवढे बजावून, की ज्या दिवशी हा तिथे कच्चा ठरल्याचे कानावर येईल, त्या दिवशी तो गंजात येऊन बसेल. तो हे हसत सांगायचा, पण परीक्षेआधी त्याला जेवण जात नसे.

तिसऱ्या वर्षी जमीन मोजणीची छावणी बिदरबाहेरच्या माळावर पडली. दिवस मार्गशीर्षाचे होते आणि येळवस तोंडावर आली होती. आमच्याकडे त्या अमावस्येला गावात कोणी राहत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारून पूजा करतात आणि वाटसरूलाही हाक मारून जेवू घालतात. उस्ताद हैदराबादचे, तरीही त्यांना याची कल्पना होती. ज्यांचे काम जुळेल त्यांना सुट्टी, असे त्यांनी सांगून टाकले.

आम्हा दोघांकडे माळाचे चढउतार मोजण्याचे काम होते. तो दुर्बिणीवर, मी आकड्यांची उंच लाकडी पट्टी धरून पुढे. या कामाचा एक नियम मोडून चालत नाही. दुर्बीण उचलून पुढच्या जागी नेताना पट्टी ज्या दगडावर आहे त्याच दगडावर राहिली पाहिजे. ती हलली, तर तिथून पुढची प्रत्येक उंची चुकते. म्हणून त्या दगडावर खडूने फुली करतात.

दुपारी तो दुर्बीण उचलून पुढे निघाला, तेव्हा आमच्या संतपूरकडची एक बैलगाडी वाटेने आली. मी पट्टी बाभळीला टेकवली आणि घरची खुशाली विचारत गाडीशी उभा राहिलो. त्याने हात उंचावून खूण केली तसा धावत परतलो आणि पट्टी दगडावर उभी केली. माळ सगळा तांबड्या दगडांचा. त्याने आकडा वाचला, हात खाली केला; मी पट्टी उचलून निघालो आणि चार पावलांवर खडूची फुली असलेला दगड दिसला. मी पट्टी धरली होती तो दुसराच होता.

तेव्हाच हाक मारली असती तर तेवढे एक ठिकाण पुन्हा मोजून भागले असते. मी मारली नाही. तो मला वेंधळा म्हणेल, गाडीवाल्यावरून चार दिवस चिडवील, एवढीच ती भीती. बोटभर फरकाने काय होते, असेही मनाशी म्हटले.

शेवटी सकाळच्याच दगडावर परत येऊन फेरा जुळवायचा असतो; फरक वीतभर निघाला. संध्याकाळी उस्तादांनी आकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला. “मियाँ, सुबह जिस पत्थर से चले थे, वो शाम तक इतना ऊपर चढ़ गया? पत्थर है कि मुर्गी?”

सगळे हसले. मीही हसलो. आकडे वाचण्याची जबाबदारी त्याची, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी खलाशाला, म्हणजे मोजणीच्या गड्याला, पट्टी धरायला घेऊन सगळा फेरा पुन्हा करावा, असे ठरले. मला सुट्टी मिळाली.

“तू तरी जा,” तो मला म्हणाला. “आमच्याच शेतावर जा. अव्वा वाट बघत बसंल. सांग, काम अडकलंय, परवा येतो म्हणावं. बाकी काही बोलू नको अप्पासमोर.”

मी गेलो. अव्वांनी, म्हणजे त्याच्या आईने, सगळ्या भाज्या-दाण्यांची मिळून केलेली भज्जी वाढली, मडक्यातले गार आंबील दिले, तिळाची पोळी माझ्या ताटात मोडून ठेवली. मुलाच्या वाट्याचे होते ते सगळे माझ्याकडे आले. अप्पा समोरच बसले होते.

“आमचा कामून आला न्हाई?”

“काम अडकलंय. परवा येतो म्हणाला.”

“तुमचं काम एकच हाय न्हवं? मग तू कसा सुटलास?”

या प्रश्नाचे खरे उत्तर एकच होते, आणि ते माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी म्हणालो, “त्याचा हिसाब चुकला, अप्पा. उस्तादांनी त्याला ठेवून घेतलंय.”

अव्वांचा हात वाढता वाढता थांबला. दुसऱ्याच दिवशी अप्पा टांगा करून छावणीवर आले. उस्ताद त्यांना परोपरीने सांगत होते की मुलगा चांगला आहे, असे कुणाकडूनही होते. अप्पा नम्रपणे ऐकून घेत म्हणाले, “व्हय साहेब. पण जे ठरलं ते ठरलं.” तो माझ्या खांद्यावर थाप मारून टांग्यात बसला. मी काय सांगितले ते त्याला कळले होते. “तुला खोटं बोलता येत न्हाई, त्याला तू तरी काय करणार,” एवढेच म्हणाला.

त्याचे एक वर्ष गंजात गेले. सुट्टी लागली की मी आडतीवर जाऊन तुरीच्या पोत्यांवर बसून वर्गात झालेले त्याला शिकवीत असे. पुढल्या वर्षी बिदरला आलेल्या उस्तादांनी स्वतः आडतीवर जाऊन, चहा घेऊन, अप्पांचे मन वळवले. तो परत आला आणि माझ्यामागून एका वर्षाने इंजिनिअर झाला. त्या उस्तादांचे ऋण तो मानतो तितकेच मीही मानतो. पण तो मात्र आजवर भेटेल त्याला सांगत आला आहे, “ह्यानं आडतीवर येऊन शिकवलं म्हणून मी तरलो.” हे ऐकताना मला काय होई, ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

तेव्हापासून त्याच्या घरच्यांनी मला एकाही येळवशीला परके ठेवले नाही. नोकरीत मी जिथे असेन तिथे निरोप येई, आणि मी जाई. अव्वा होत्या तोवर ताटात पोळी मोडून देत राहिल्या.

यंदा अप्पांच्या नातीचे सासरचे लोक शेतावर आले होते. अप्पा आता ऐंशीच्या पुढचे, बाजेवर उशीला टेकून बसलेले. पाहुण्यांनी मुलाच्या हुद्द्याचे कौतुक केले, तेव्हा ते दरवर्षीसारखे हसून म्हणाले, “मोठा साहेब खरा, पण पहिला हिसाब ह्यो इथं बिदरच्या माळावरच चुकला बघा त्याचा!” पाहुणे हसले. नातवंडे हसली. पन्नाशी उलटलेला माझा मित्र, भज्जी वाढण्यासाठी वाकलेला, तोही सवयीने हसला. पण पाहुण्यांकडे न पाहता हसला.

मी हातातले आंबील खाली ठेवले आणि बाजेशी जाऊन बसलो. अप्पांना कमी ऐकू येते, म्हणून मला मोठ्याने बोलावे लागले.

“अप्पा, हिसाब त्याचा चुकला नव्हता. पट्टी मी दुसऱ्या दगडावर धरली होती, आणि मला ते तेव्हाच दिसलं होतं. तुमचं अन्न खात, तुमच्या पुढ्यात बसून, मी त्याचं नाव पुढं केलं. त्याचं वर्ष माझ्यामुळं गेलं. मला माफ करा.” मग मी त्याच्याकडे वळलो. “गड्या, तूही मला माफ कर.”