पाटबंधारे खात्यातला मुलगा

रिद्धपूरला पायी जाणाऱ्यानं काही मागायचं नसतं. आमच्या पंथात संसाराची गाऱ्हाणी देवापाशी नेत नाहीत. जायचं, एकेका स्थानाला दंडवत घालायचे, नाव घ्यायचं आणि परत यायचं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला हे ठाऊक होतं. तरी त्या वर्षी चैत्र संपता संपता मी घरून निघाले ती सून मागायला. तोंडानं कुणाला सांगितलं नाही, पण मनात दुसरं काही नव्हतंच.

तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती आणि मी स्वतःला फार हुशार समजत असे. आज त्या बाईची आठवण आली की वाटतं, तिला एकदा समोर बसवावं आणि तिची वेणी ओढावी.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा. धडधाकट, बारावी झालेला, पानसुद्धा न खाणारा. घरची काळी जमीन, एक बैलजोडी. दोन वर्षं आम्ही पोरी पाहत होतो. बैठक छान जमायची. मग कोणीतरी विचारायचं, मुलगा काय करतो? शेती, असं म्हटलं की माणसं खिडकीबाहेर पाहायला लागत. वऱ्हाडात तेव्हा शेतकरीच शेतकऱ्याला मुलगी देत नव्हता. शाळेतला शिपाई चालेल, एसटीचा कंडक्टर चालेल, पुण्याला कुठल्या कंपनीच्या गेटवर उभा राहणाराही चालेल, वावरात उभा राहणारा नको. आणि मी त्यांना शिव्या देत घरी यायची. मीच माझी मुलगी मास्तराला दिली होती, त्याआधी आलेली दोन शेतकरी स्थळं चहा पाजून वाटेला लावली होती, हे मात्र मी सोयीनं विसरले होते.

पंथातलीच मुलगी हवी होती, म्हणजे चूल एक, रीत एक. आणि पंथातल्या घरच्या मुली एका ठिकाणी, सहा-सात दिवस, न सजता न लपता कुठे पाहायला मिळणार? पायी वाटेवर. अशी माझी भक्ती.

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावातून पंधरा-वीस माणसं निघालो. शकुंतला म्हणतात त्या छोट्या आगगाडीच्या रुळाच्या कडेकडेनं दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट, अचलपूर, तिथून चांदूर बाजारवरून रिद्धपूर. उजाडायच्या आत चालायला लागायचं आणि दहाच्या सुमारास कडुनिंब दिसला की थांबायचं. ऊन उतरलं की पुन्हा. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा. जमिनीला अशा भेगा की काठी टेकवली तर वीतभर आत जायची. शकुंतला रोज बाजूनं जायची. ती इतकी हळू की डब्यातली बाई आम्हाला प्रश्न विचारायची आणि उत्तर पुरतं ऐकूनच पुढे जायची. "बसा ना गाडीत, कावून पाय घासता?" असं कोणी म्हटलं की आमची माणसं हसून हात हलवीत. मी हलवत नसे. मी डब्यात कोण कोण पोरी आहेत ते पाहत असे.

मला एका जागी चालता येत नव्हतं. कधी सगळ्यांच्या पुढे, कधी एकदम शेवटी. नाव घ्यायला बसले तरी डोळे उघडे. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "वहिनी, तुमी तर बाजारात आल्यासारख्या फिरून राहिल्या." त्यानं थट्टा केली होती, पण मला दिवसभर त्याच्याकडे बघवलं नाही.

अंजनगावला मायलेकी येऊन मिळाल्या. वाटेवर माणसाला त्याच्या गावानं हाक मारतात, म्हणून आई झाली अंजनगाववाली. माझ्याच वयाची, अंगानं जाड, बोलायला धारदार. मुलगी बावीसेक वर्षांची. फोड आले तरी न लंगडता चालायची. बस, मी तिथेच विरघळले. मनातल्या मनात आईला विहीणबाई म्हणायलाही लागले. मुलीचा आवाज मी अजून ऐकलेला नव्हता. चाल पाहिली होती, तेवढी पुरे वाटली.

पथ्रोटच्या अलीकडे अंजनगाववालीनं सहज विचारलं, "पोट्टा काय करते तुमचा?"

मी शेती म्हणायला तोंड उघडलं. समोर एक कोरडा पाट होता, त्याच्या काठावर खात्याची गंजलेली पाटी. तीच वाचल्यासारखी मी बोलून गेले, "अमरावतीले हाय. पाटबंधारे खात्यात."

"पर्मनंट?"

"होऊनच राहिला."

"क्वार्टर भेटलं?"

"भेटलं ना. दोन खोल्या. नळ घरात."

थेंबभरही पाणी नसलेल्या पाटाकडे बघत मी मुलाला पाण्याच्या खात्यात चिकटवून टाकलं. आणि मग मला थांबताच येईना. ती विचारायची, मी सांगायची. क्वार्टरला मागच्या बाजूला खिडकी निघाली, खिडकीत मोगऱ्याची कुंडी, वर मोठा पंखा. दुपारी झाडाखाली आडवं व्हायचो तेव्हा वारा तव्यावरून आल्यासारखा यायचा. मी डोळे मिटून त्या दोन खोल्यांत जाऊन निजायची. नळाला पाणी यायचं. फरशी गार लागायची. खरं सांगते, त्या वाटेवर मला देवाचं घर एकदाही दिसलं नाही, मुलाचं क्वार्टर मात्र कोपरान् कोपरा दिसलं.

अचलपूरला पोचता पोचता माझ्या चपलेचा तळ सुटला. डांबर इतकं मऊ झालं होतं की चप्पल रस्त्यावर राहिली आणि पाय पुढे गेला. एसटीडीवरून गावातल्या दुकानात निरोप ठेवला, पोराला म्हणावं माझ्या दुसऱ्या चपला घेऊन चांदूर बाजारच्या वाटेवर गाठ. फोन ठेवून मी निवांत झाले. चपला पायानं चालत येणार नाहीत, त्या घेऊन येणारा माणूस असणार आणि त्या माणसाला तोंड असणार, हे त्या हुशार बाईच्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारच्या अलीकडे एका शाळेजवळच्या कडुनिंबाखाली आम्ही टेकलो होतो. दहा-साडेदहा झाले असतील. रस्त्यावर एसटी थांबली आणि माझा मुलगा उतरला. वखर अर्धं सोडून आलेला. शर्टाच्या बाह्यांवर माती, हातात पिशवी, पिशवीत चपला आणि चार कैऱ्या. मी उठायच्या आत अंजनगाववाली म्हणाली,

"या साहेब. सुट्टी भेटली काय?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझं तोंड काय सांगत होतं देव जाणे, पण त्याला कळलं.

"हो," तो म्हणाला. "भेटली."

"क्वार्टर लई चांगलं हाय म्हनते तुमची माय."

"तिलेच जास्त ठाऊक हाय ते," असं म्हणून तो खाली बसला. माझा पाय मांडीवर घेतला, फोडावर चिंधी बांधली, चप्पल घालून पाहिली. सगळं हळुवार. मग मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "तुले माही एवढी लाज वाटते काय, माय?"

एवढं बोलून तो उठला आणि रिकामी पिशवी घेऊन रस्त्यानं निघाला. बसची वाट न पाहता. पायी, भर उन्हात, घराच्या उलट दिशेनं.

आधी वाटलं, येईल परत. लोकांनी शिदोऱ्या सोडल्या, भाकरी फिरली, ठेचा फिरला. मी भाकरी हातात धरून रस्त्याकडे बघत राहिले. त्या वर्षांत आमच्याकडे जवान मुलगा काही न बोलता उठून गेला की घरातलं कोणीतरी मागोमाग जायचं. काय भीती वाटते ते कोणी उच्चारत नसे. एवढंच म्हणायचं, जा रे, बघून ये तो कुठं हाय. आमच्या गावात दोन घरी बघून यायला उशीर झाला होता.

मी उठले. पाठीमागून अंजनगाववालीची हाक आली, "अवं, कुठं चालली? माथं फिरलं काय? बारा वाजले!"

"पोरगा गेला."

अंजनगाववालीनं पुढे एक शब्द विचारला नाही. पाण्याचा डबा उचलला, माझा दुपट्टा भिजवून डोक्यावर थापला आणि माझ्याबरोबर चालायला लागली.

रस्त्यावर आम्ही दोघीच. सावली पायाखाली गेलेली. लांबवर डांबर पाण्यासारखं हलत होतं आणि त्या हलण्यात मला दर वेळी एक माणूस दिसायचा, जवळ गेलं की बाभूळ निघायची. एक विहीर आली. मी धावत जाऊन वाकून पाहिलं. तळाशी वीतभर हिरवं पाणी आणि एक बेडूक. अंजनगाववालीनं मला खांद्याला धरून मागे ओढलं.

"त्याले नोकरी नाही," मी म्हणाले. "शेती करते तो."

"ठाऊक हाय."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. नोकरीवाल्याची माय असल्या उन्हात पायी कावून येईन? तिले सुना घरबसल्या सांगून येतात."

मुलगा सापडत नव्हता, जीव थाऱ्यावर नव्हता, आणि तरी मला राग आला. "मंग रोज क्वार्टरचं कावून इचारत होती?"

"तू सांगत होती, मले आयकाले बरं वाटे. ते पंख्याचं सांगितलं ना तू, तवा थोडी झोप लागली मले."

पुढे संत्र्यांचे मळे लागले. अर्धी झाडं वाळलेली, उरलेली धुळीनं माखलेली. एका मळ्यातून बोलण्याचा आवाज आला. आत पाहते तर माझा मुलगा एका अनोळखी शेतकऱ्यासमोर उकिडवा बसलेला. हातानं आळं उकरून माती चिमटीत चोळत होता. "बोअर किती फूट गेला? ठिबकची नळी इथं घालाले पायजे होती, खोडापाशी नाही." रिकामी पिशवी बाजूला पडलेली. राग कुठल्या कुठे. दोन वर्षांत घरात कधी इतका बोलला नव्हता.

मला पाहून तो दचकला. "माय? एवढ्या उन्हात कावून आली?"

"तू कावून गेला?"

"पाय मोकळे कराले."

"पाय मोकळे कराले! मेल्या, मी विहिरी पाहत आली!"

त्याचा चेहरा बदलला. त्याला समजलं मी काय शोधत होते. मग मळेवाल्याला म्हणाला, "हे माही माय. हिनं मले पाटबंधारे खात्यात लावलं."

मळेवाला हात झटकत उठला. "मंग साहेब, आमच्या पाटाले पानी सोडा ना! तीन वर्षं झाले वाट पाहून राहिलो."

तिघंही हसली. मी तिथेच मातीत बसून रडले. अंजनगाववालीनं मला डब्यातलं पाणी पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली, आणि माझ्या मुलाकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

परतताना मुलगा पुढे चालत होता. ती मला म्हणाली, "पोट्टा चांगला हाय."

मी चालायची थांबले.

"पन मी देत नाही. राग मानू नको, बाई. तीस वर्षं मी वावरात काढले. पोरीले त्याच्यात घालाची माही हिंमत नाही."

हेच वाक्य मी दोन स्थळांना बोलले होते, तेही एवढं सरळ नाही. पुढे रिद्धपूरला दंडवत घालून निघताना तिची मुलगी माझ्या पाया पडली, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "काकू, मले नर्सिंग कराचं हाय. पोरगा साहेब असता तरी मी नाहीच म्हनली असती." तिच्या आईनंही तिला विचारलं नव्हतं, मीही नाही.

राहिलेली वाट मुलगा माझ्याबरोबर चालला. रिद्धपूरला मी एकेका स्थानाला कपाळ टेकवलं. आता लोकांना वाटेल, इतकं झाल्यावर मी शहाणी झाले आणि काही मागितलं नाही. खोटं कशाला सांगू? उठता उठता मागितलीच सून.

परतीच्या एसटीत शेजारी एक बाई बसली. मी तिला लगेच सांगितलं, "हा माहा पोरगा. शेती करते. नोकरी नाही, पगार नाही, क्वार्टर नाही."

मुलगा माझ्या कानाशी वाकला. "माय, त्या बाईनं फक्त खिडकी लावा म्हटलं."

सून आली ती तीन वर्षांनी, नांदगाव खंडेश्वरकडची. शेतकऱ्याचीच. ती माणसं घर पाहायला आली त्या दिवशी मुलानं मला आतल्या खोलीत बसवलं. "माय, तू बाहेर येऊ नको. बोलाचं ते मी बोलतो." मी दाराच्या फटीला कान लावून बसले. शेती करतो, हे त्यानं कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मुलीच्या बापानं कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग त्यानं विचारलं, "विहिरीले पानी कवापर्यंत राह्यते?"

"होळीपर्यंत," मुलगा म्हणाला.

अक्षय्य तृतीयेपर्यंत म्हण ना रे, मेल्या! मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.