कपाशीवरून विमान चालवणारा दादा

माझा थोरला भाऊ विलायतेत विमान चालवायला शिकून नांदुऱ्याला परतला, तेव्हा मी नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते. तिकडे तो आठवडाभर कारखान्यात राबायचा आणि रविवारी उडायला शिकायचा. पाच वर्षांनी धंदेवाईक वैमानिकाचा परवाना हातात पडला. आता मोठ्या विमान कंपनीत लागायला किती वेळ, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

दादानं अर्ज केला. कंपनीचं उत्तर आलं: परदेशी परवाना इथे चालत नाही. इथले पेपर द्या, चाचणी द्या आणि उड्डाणाचे तासही वाढवा.

बाबा खचले. दादानं पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, "उद्यापासून तू माह्यी मास्तरीण. प्रश्न इचारत जाय."

मग रोज शाळा सुटली की आमचा वर्ग भरायचा. हवाई नियम, नकाशे, वारे. दिव्याच्या इशाऱ्यांची परीक्षाही असायची. मी मागच्या खोलीचं दार लावून टॉर्चची उघडझाप करायची आणि त्या लांब-आखूड लुकलुकीवरून तो अक्षरं ओळखायचा. हवामानाच्या पेपरात तो पहिल्यांदा नापास झाला. "तिथलं धुकं पाठ हाये मले, आपली वावटळच नाही समजली," म्हणाला, आणि पुन्हा पहिल्या पानापासून बसला. दुसऱ्या खेपेला पास झाला.

इथला परवाना मिळाला, पण तास कमीच होते. त्या काळात आमच्याकडे कपाशीवर विमानानं औषध फवारायचे. त्या कामावर तो लागला. सपाट केलेल्या वावरातून उडायचं, पिकाच्या डोक्यावरून जायचं आणि विजेच्या तारा आल्या की झटकन वर. अंगाला औषधाचा वास इतका मुरायचा की आई त्याचे कपडे वेगळे धुवायची. तीन हंगाम त्यानं हे केलं.

तिसऱ्या हंगामात इंजिन हवेतच बंद पडलं. त्यानं विमान पडीत जमिनीवर उतरवलं. चाक मोडलं, त्याला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी मी विचारलं, "काऊन झालं रे असं?"

"सकाळीच आवाज वेगळा येत होता. तपासाले पाह्यजे होतं. नाही तपासलं मी."

त्याच वर्षी उड्डाणाचे तास पुरे झाले आणि कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबा म्हणाले, "ते चाकाचं तिथं सांगू नको."

परत आल्यावर दादानं आम्हाला सांगितलं, की मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी त्याची उड्डाणांची वही पाहून त्याच अपघाताबद्दल विचारलं होतं.

"मंग काय म्हणलास?" बाबांचा आवाज चढला.

"चूक माह्यी होती म्हणलं. आता आवाजात फरक वाटला तर विमान हलवतच नाही, हेबी सांगतलं."

बाबा उठून अंगणात जाऊन बसले. महिन्याभरानं नेमणुकीची तार आली, तेव्हा ती त्यांनीच मोठ्यानं वाचली, दोनदा.

तेव्हा दादा पस्तिशीला आला होता. त्याला सहवैमानिकाची उजवीकडची खुर्ची मिळाली आणि कॅप्टन निघाला त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. सुट्टीत आला तेव्हा मी भीत भीत विचारलं, "त्याला सर म्हणताना जड जात नाही?"

"काऊन जड जाईल? त्याले माह्यापेक्षा जास्त येते," तो म्हणाला. "मी शिकून राह्यलो त्याच्यापाशी."

हे त्यानं इतकं सहज सांगितलं, की दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले तेव्हा, ह्याची मास्तरीण मीही होते हे आठवून, मलाच जरा ताठ उभं राहावंसं वाटलं.